आवडलेलं मांजर आणि जमणारं मांजर

पत्र:

मी पुण्यातल्या एका प्राणी-निवाऱ्यात शनिवार-रविवार स्वयंसेवक म्हणून काम करते. काही महिन्यांपूर्वी मांजरं दत्तक द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यानंतर पाठोपाठ चार मांजरं परत आली. एकानं घरातल्या लहान मुलीला बोचकारलं, एक दिवसभर पलंगाखालीच बसायचं, एकानं गादीवर मुतलं आणि एकाला घरमालकानं हाकललं. पिंजरे भरलेले असतात, त्यामुळे वरिष्ठ म्हणतात, 'विचारतायत ना, देऊन टाका.' मला मात्र आता कुणालाही मांजर द्यायची भीती वाटते. चाळीस प्रश्नांचा फॉर्म तयार करतेय. सध्या दोन विचारणा आल्या आहेत. एक सत्तरीच्या आजी एकट्या राहतात, त्यांना छोटं पिल्लूच हवंय. दुसरं एक शाकाहारी कुटुंब आहे, त्यांच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. यांना मांजर द्यावं का? माणसं आणि मांजरं जुळवायची तरी कशी?

— एक स्वयंसेविका, पुणे

उत्तर:

प्रिय ताई,

चाळीस प्रश्नांचा फॉर्म आधी बाजूला ठेवा. लेखी प्रश्न समोर आला की माणूस अपेक्षित उत्तर लिहितो. 'मांजर रोज किती तास एकटं राहील?' या रकान्यात कुणीही 'तीन-चार तास' लिहून मोकळं होतं. तेच तुम्ही 'कालचा तुमचा दिवस सकाळपासून सांगा बरं' असं म्हटलंत, तर कळतं की नवरा-बायको दोघंही हिंजवडीला जातात, आठला घर सोडतात, रात्री साडेआठला परततात आणि शनिवार-रविवार बरेचदा साताऱ्याला आई-वडिलांकडे असतात. त्यात वाईट काहीच नाही. एकमेकांची सवय असलेली एक-दोन वर्षांची मांजरांची जोडी अशा घरात सुखानं राहील. दोन महिन्यांचं एकटं पिल्लू मात्र बारा तास कुणी नसल्यानं कंटाळून रात्रभर पायांवर झडप घालेल आणि दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला फोन येईल.

नाव, पत्ता, ओळखपत्र, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात कोण कोण, आधीचे प्राणी आणि त्यांचं पुढे काय झालं, एवढं एका पानावर घ्या. बाकी सगळं अर्ध्या तासाच्या गप्पांत काढा. या गप्पा मांजरं दाखवायच्या आधी व्हायला हव्यात. माणूस एकदा पिंजऱ्यासमोर उभा राहिला आणि पिल्लानं पंजा बाहेर काढला की पुढची सगळी उत्तरं त्या पिल्लासाठी दिली जातात.

परत आलेल्या चार मांजरांबद्दल

मुलीला बोचकारलेल्या मांजराचं आधी पाहू. मुलगी किती वर्षांची ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पाच-सहा वर्षांखालची मुलं मांजराला पोटाखालून उचलतात, शेपूट धरतात आणि ते लपायला गेलं की मागोमाग जातात. 'मूल लहान आहे, मग पिल्लूच बरं' हा समज फार पसरलेला आहे आणि तो उलटा आहे. पिल्लाची हाडं नाजूक असतात, आणि खेळताना नख्या-दात किती लावायचे हे ते अजून शिकत असतं. अशा घरात दोन ते पाच वर्षांचं, उचललं तर अंग सैल सोडणारं आणि कंटाळा आला की पंजा न मारता उठून जाणारं मांजर द्यावं. हा गुण निवाऱ्यात तपासता येतो. मांजराला पाठीवरून दोन-तीन मिनिटं सलग थोपटत राहा. शेपटीचं टोक आपटायला लागलं, कान बाजूला वळले, पाठीची कातडी थरथरली, की त्याला पुरे झालंय. त्यानंतर ते काय करतं ते बघा. जे उठून जातं ते मुलांच्या घरी जाऊ शकतं. जे वळून चावतं ते मोठ्या माणसांच्या शांत घरात छान राहील. मुलाला घेऊन यायला सांगा, जमिनीवर बसवा आणि पालक काय करतात ते पाहा. मुलानं शेपूट ओढल्यावर 'असं नाही हं' म्हणून हात धरणारे पालक आणि 'लहान आहे, काही होत नाही' म्हणणारे पालक यांत मांजराच्या पुढच्या सगळ्या दिवसांचा फरक आहे.

पलंगाखाली बसणाऱ्या मांजरात बहुधा काहीच बिघाड नव्हता. नव्या घरात मांजर लपतंच. निवाऱ्यात धीटपणे मांडीवर येणारं मांजरही नव्या घरी तीन दिवस ते दोन आठवडे दिसेनासं होऊ शकतं. लाजाळू मांजराला दोन-तीन महिनेही लागतात. साधारण तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घराचं वेळापत्रक समजण्याचे आणि तीन महिने घर आपलं वाटण्याचे, असा ढोबळ हिशेब सगळीकडे सांगितला जातो. हे देताना तोंडी सांगून भागत नाही, कारण मांजर मिळाल्याच्या आनंदात माणसाला काही ऐकू येत नाही. कागदावर लिहून द्या: 'पहिले काही दिवस मांजर लपेल. बाहेर ओढू नका. रात्री खाणं संपतंय आणि घमेल्यात शी-शू होतेय ना, एवढंच बघा.' त्याखाली हेही लिहा की मोठ्या मांजरानं चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर फोन करायचा, आणि पिल्लानं बारा तास खाल्लं नाही तर लगेच. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी साचायला लागते. लठ्ठ मांजरांत हे जास्त होतं आणि त्यातून जीव जाऊ शकतो.

गादीवर मुतण्याची कारणं शोधून काढावी लागतात. पहिला प्रश्न नसबंदीचा. नसबंदी न झालेला बोका फवारे मारतोच आणि माजावर आलेली भाटीही कुठेही मुतते. म्हणून मोठं मांजर नसबंदीशिवाय निवाऱ्याबाहेर जाऊच नये. दुसरा प्रश्न लिटरचा, म्हणजे शी-शूसाठी घमेल्यात घातलेल्या वाळूचा किंवा दाण्यांचा. निवाऱ्यात वाळूची सवय असलेल्या मांजराला घरी अचानक सुगंधी लिटर दिलं की ते दुसरी मऊ जागा शोधतं, आणि घरातली सगळ्यात मऊ जागा म्हणजे गादी. तिसरं कारण जागेचं. घमेलं वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलं आणि एकदा मशीन फिरताना मांजर आत होतं, की ते पुन्हा तिकडे फिरकत नाही. चौथं कारण आजाराचं. तणावामुळे मूत्राशयाला सूज येते, मुतताना दुखतं आणि मांजर त्या दुखण्याचा संबंध घमेल्याशी जोडतं. बोका पुन्हापुन्हा घमेल्यात जाऊन जोर करत असेल आणि थेंबही येत नसेल तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर गाठायचा, कारण एक-दोन दिवसांत जीव जातो. तुमच्याकडे परत आलेल्या या मांजराची लघवी तपासून घ्या, मगच त्याला 'घाण करणारं' हे विशेषण चिकटू द्या.

चौथं मांजर घरमालकामुळे परत आलं. ते तर एका प्रश्नात अडवता आलं असतं. भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो आणि मांजर घरात नीट सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. भाड्यानं राहणाऱ्यांना नकार देऊ नका, शहरातली निम्मी चांगली घरं त्यात जातील. घरमालकाचा होकार मात्र लेखी मागा, फोनवरचा मेसेजही चालेल. पुढचं घर शोधताना काय कराल, हेही विचारा. सोसायटीच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना मुळात कुत्र्यांबद्दल आहेत, पण त्यांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवरही सरसकट बंदी घालता येत नाही. घरमालकाचा करार ही मात्र वेगळी गोष्ट आहे, तिथे या सूचना दाखवून भांडण जिंकता येईल अशी आशा कुणाला दाखवू नका.

मांजर ओळखायचं कसं

पिंजऱ्यातलं मांजर म्हणजे खरं मांजर नव्हे. आल्यावर पहिले दोन दिवस ते कसं वागलं यावरून काहीच लिहू नका. पिंजऱ्यात लपायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. एका बाजूला दार कापलेलं, मांजर आत वळून बसू शकेल एवढं. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यातल्या मोजक्या मांजरांवरचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात खोकं मिळालेली मांजरं न मिळालेल्यांपेक्षा लवकर सावरली. काही जण खोकं काढून टाकतात, कारण आत बसलेलं मांजर पाहुण्यांना दिसत नाही. पण घाबरून कोपऱ्यात चिकटलेलं मांजर दिसून तरी काय उपयोग? लपायची खात्रीची जागा मिळाली की ते आपणहून बाहेर येतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला पिंजऱ्यातून एका रिकाम्या खोलीत घ्या आणि वीस मिनिटं बसा. आधी काहीच करू नका. ते तुमच्याकडे किती वेळात येतं, येतं का, ते बघा. मग हाताचं बोट नाकासमोर धरा. मग दोरीला बांधलेलं पीस फिरवा. मग मोबाइलवर कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल आणि लहान मुलाचं रडणं आधी हळू आणि मग जरा मोठ्यानं वाजवा. दचकणं महत्त्वाचं नाही, दचकतात सगळीच. सावरायला किती वेळ लागला ते लिहा. एका मिनिटात पुन्हा पिसाकडे वळणारं मांजर गजबजलेल्या घरात राहू शकतं. दहा मिनिटं कपाटामागून न निघणारं मांजर राहू शकणार नाही. शेवटी उचलून बघा. त्याच्या जोडीदाराशी ते कसं वागतं, कुत्र्याचा आवाज आल्यावर काय करतं, हे पिंजरे साफ करणाऱ्या मावशींना आणि दादांना विचारा. रोज सकाळी जे तिथे असतात त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्थेनं यासाठी 'फेलाइन-अ‍ॅलिटी' नावाची पद्धत बनवली. मांजर किती धीट आहे आणि माणसांत किती रमतं, या दोन गोष्टी छोट्या चाचण्यांनी मोजायच्या, आणि त्यावरून मांजरांना जांभळा, केशरी आणि हिरवा असे रंग द्यायचे. येणाऱ्या माणसांनाही त्यांच्या अपेक्षांवरून तेच रंग मिळतात. जशीच्या तशी उचलायची गरज नाही, पण दोन मापांची कल्पना घ्या. प्रत्येक मांजराच्या कार्डावर धीटपणा आणि माणसांची ओढ यांना एक ते पाच गुण द्या. त्याखाली दोन वाक्यं त्याला काय आवडतं याची आणि दोन वाक्यं त्याच्या त्रासाची. त्रासाची वाक्यं गाळायचा मोह होईल. गाळू नका. 'पहाटे पाचला उठवते', 'पोटाला हात लावला तर चावते', 'दुसरं मांजर खपत नाही' हे आधी वाचून जो घेतो तो सहसा परत आणत नाही.

कार्डाच्या मागच्या बाजूला तब्येत लिहा: वजन, जंतनाशकाच्या तारखा, लसी, नसबंदी, रक्ताची तपासणी झाली असेल तर तिचा निकाल. पिल्लू आठ आठवड्यांच्या आधी देऊच नका, दहा-बारा आठवड्यांचं दिलं तर आणखी बरं. त्या काळात ते आईकडून आणि भावंडांकडून चावायचं-ओरबाडायचं प्रमाण शिकतं. पहिली तिहेरी लस सहा-आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या पुढे. दत्तक घेणाऱ्याला पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि ती तुमच्या वहीतही ठेवा. रक्ततपासणीत सहा महिन्यांखालचं पिल्लू एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) पॉझिटिव्ह आलं तर लगेच घाबरू नका. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही तसा निकाल येतो. पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासा.

एक गोष्ट आग्रहानं सांगतो. एकच पिल्लू हवं असणाऱ्यांना शक्य असेल तिथे दोन द्या. दोन पिल्लं एकमेकांना चावतात आणि माणसाचे हात-पाय वाचतात. खाण्याचा खर्च वाढतो, पण रात्रीची झोप मिळते.

घर बघताना

व्हिडिओ कॉलवर घर बघत असाल तर हॉल आणि सोफा बघण्यात वेळ घालवू नका. खिडक्या दाखवायला सांगा, एकेक करून. उंचावरच्या फ्लॅटमधून मांजरं पडतात, आणि 'मांजर नेहमी पायांवर पडतं' या भरवशावर राहिलेल्या घरांत तर हमखास. ग्रिलच्या दोन गजांमधून डोकं गेलं की अख्खं मांजर जातं. सरकत्या खिडकीची डासांची जाळी मांजर नखांनी फाडतं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मोठ्या मांजराला बहुधा पुरते, पण भोकं इंचभराहून मोठी असतील तर पिल्लू आरपार जातं, आणि एखादं मांजर ती चावून तोडतंही. तारेची वेल्डमेश जाळी सगळ्यात खात्रीची. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या, एक्झॉस्ट फॅनचं भोक आणि गच्चीकडे उघडणारं दार हमखास राहून जातं, ते मुद्दाम विचारा. 'लावू हो नंतर' असं उत्तर आलं तर मांजर बाजूला राखून ठेवा आणि जाळी लागल्याचा फोटो आल्यावर द्या. इथे अजिबात सैल पडू नका.

फरशी कशानं पुसता, हेही विचारा. मांजर पाय चाटतं आणि फिनेल, डेटॉलसारख्या द्रव्यांतले घटक त्याचं यकृत नीट निचरू शकत नाही. साधा साबण किंवा पाणी पुरतं. डांबरगोळ्या कपाटात असतील तर त्या कपाटाचं दार बंद राहायला हवं. कुत्रा असलेल्या घरी कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावू नका असं ठळक लिहून द्या. त्यातलं परमेथ्रिन मांजराला जीवघेणं ठरतं. तापासाठी पॅरासिटामॉल देणारी माणसंही प्रेमापोटीच देतात आणि एका गोळीत मांजर दगावतं.

आजी आणि शाकाहारी कुटुंब

आजींना मांजर नक्की द्या. पिल्लू देऊ नका. पिल्लू पायांत येतं आणि सत्तरीत एक पडणं म्हणजे खुब्याचं हाड. शिवाय पिल्लाची पंधरा वर्षं आजींच्या वयात मिळवली तर काय होतं, हे त्यांनाही कळतं, फक्त त्यांना ते तोंडावर ऐकवू नये. पिल्लूच का हवंय ते विचारा. बहुतेकांना वाटतं की मोठं मांजर लळा लावत नाही. यावर वाद घालू नका. मांजरांच्या खोलीत खुर्ची टाकून आजींना अर्धा तास बसू द्या, पदरात काही उचलून देऊ नका. सहा-आठ वर्षांची एखादी शांत भाटी स्वतःहून येऊन टेकली की निर्णय त्याच घेतील. पिल्लं हातोहात जातात आणि सात वर्षांचं मांजर निवाऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहतं, म्हणून ही जोडी आम्हाला फार मोलाची वाटते.

व्यवस्था मात्र पक्की करा. आजींना दवाखान्यात जावं लागलं तर मांजर कोण बघेल, त्या माणसाशी स्वतः फोनवर बोला. पुतण्याचं नाव नुसतं लिहून घेऊन उपयोग नाही, पुतण्याला माहीत हवं. वाकावं लागू नये म्हणून घमेलं बुटक्या, रुंद स्टुलावर ठेवता येतं, निरोगी मांजर तेवढी उडी मारतं. लिटरची दहा किलोची पिशवी आणायला सांगू नका, दोन-अडीच किलोच्या पिशव्या घरपोच येतात. आजींच्या गोळ्या खाली पडल्या तर लगेच उचलायच्या, हे त्यांच्या कामवाल्या बाईंनाही सांगा. तुमच्या संस्थेला जमत असेल तर कायमचं फोस्टर हा मार्ग सगळ्यात चांगला: मांजर कागदोपत्री निवाऱ्याचं, लस-औषधाचा खर्च निवाऱ्याचा, राहणं आजींकडे.

शाकाहारी कुटुंबाला नकार द्यायचं कारण नाही, पण एक बोलणं स्पष्ट व्हायला हवं. मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन हे पोषकद्रव्य लागतंच. ते कमी पडलं तर हृदय फुगतं आणि दृष्टी जाते, आणि हे महिनोन्महिने दिसत नाही. दूध-पोळी, दही-भात, पनीर यावर मांजर जगत नाही. मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. त्यांना विचारा: बंद डब्यातलं मांजरांचं कोरडं खाणं घरात चालेल का? त्यात कोंबडी किंवा मासा असतो, हे लपवू नका. साडेतीन किलोच्या मांजराला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम पुरतं, वास फारसा येत नाही, वाटी आणि चमचा वेगळा ठेवता येतो, डबा बाल्कनीच्या कपाटात राहू शकतो. हा प्रश्न घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसासमोर विचारा. मुलगा आणि सून 'हो' म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी आजोबा डबा बाहेर ठेवतात, असं व्हायला नको. मांजर पाल किंवा कबुतर तोंडात धरून आणेल, हेही आधीच सांगा. सगळ्यांचा होकार असेल तर त्यांना खुशाल मांजर द्या. 'आम्ही त्याला आमच्यासारखं शाकाहारी करू' असं म्हणाले तर हात जोडून नाही म्हणा.

आणखी एक प्रश्न बहुतेक निवारे विचारायचं टाळतात आणि मग फटका बसतो: येत्या एक-दोन वर्षांत घरात लग्न किंवा बाळ येणार आहे का? खासगी आहे, पण विचारण्याची रीत असते. 'पुढे बाळ झालं तर मांजराचं काय करायचं याबद्दल घरात बोलणं झालंय का?' असं सगळ्यांनाच विचारा, म्हणजे कुणाला टोचत नाही. सुनेला दिवस गेले की सासूबाई मांजर बाहेर काढायला सांगतात, कारण मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या जंतूची भीती. खरी माहिती तुमच्या जिभेवर हवी. मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाला तरच ते एक ते तीन आठवडे हे जंतू विष्ठेतून टाकतं, आणि विष्ठेतले जंतू बाधणारे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. घमेलं रोज साफ केलं, ते काम दुसऱ्या कुणी केलं, मांजराला कच्चं मांस दिलं नाही आणि ते घराबाहेर गेलं नाही, तर धोका फार कमी उरतो. अर्धंकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा संसर्ग होतो, हे मांजराच्या नादात कुणी सांगत नाही. दम्याबद्दल आणि अ‍ॅलर्जीबद्दलही असंच: त्रास केसांपेक्षा मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनामुळे होतो. घरात कुणाला शंका असेल तर त्या माणसाला निवाऱ्यात एक-एक तास दोन-तीनदा बसवा, मग ठरवा.

काळ्या मांजरांना अपशकुनाच्या भीतीनं कुणी मागत नाही आणि मागितलं तर घरातलं दुसरं कुणी परत पाठवतं. त्यांचे फोटो खिडकीच्या उजेडात, फिक्या चादरीवर, मांजराच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढा, नाहीतर अंधारात दोन ठिपके दिसतात. 'पर्शियन आहे का?' एवढंच विचारत येणाऱ्यांशी सावध बोला. केस रोज विंचरायचे, डोळे रोज पुसायचे हे ऐकून किती जण थांबतात ते बघा. नसबंदी झालेली आहे म्हटल्यावर ज्यांचा रस संपतो त्यांना पिल्लं विकायची होती.

देण्याचा दिवस

मांजर बंद कॅरिअरमधूनच जाईल. पिशवीतून, ओढणीत गुंडाळून, मांडीवर धरून रिक्षातून नाही. सिग्नलला हॉर्न वाजला की ते उडी मारतं आणि पुन्हा सापडत नाही. सोबत त्याच्या अंथरुणाचा तुकडा, चार-पाच दिवसांचं सवयीचं खाणं आणि एक मूठ वापरलेलं लिटर द्या. खाणं बदलायचं तर सात दिवसांत हळूहळू मिसळत बदलायचं. घरी एकच खोली, तीही छोटी. एका टोकाला घमेलं, दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी, मध्ये खोकं. घमेल्यात लिटर दोन इंच. दोन महिन्यांच्या पिल्लाला गुठळी होणारं लिटर नको, ते ती गुठळी गिळतं. कागदाचं, लाकडाचं किंवा चाळलेली वाळू चालेल. घरात आधीचं मांजर असेल तर दार बंद ठेवून आधी फडके बदलून वास ओळखीचा करायचा, मग दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं, मग जाळीतून दर्शन. दोन आठवडे लागतात, कधी सहाही. 'एकदा भांडू द्या, मग होतील मित्र' असं करून झालेली जखम महिनोन्महिने निस्तरत बसावं लागतं. दिवाळीच्या आठवड्यात मांजर देऊ नका. फटाक्यांत नवं मांजर घर सोडून पळतं. विसर्जनाची मिरवणूक दारावरून जात असेल तर तोही आठवडा टाळा.

फोन तिसऱ्या दिवशी, मग दोन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. 'सगळं ठीक ना?' असं विचारलं की 'हो' असंच उत्तर येतं. 'काल किती खाल्लं? घमेलं कुठे ठेवलंय? रात्री कुठे झोपतं?' असं विचारा. करारात एक ओळ ठळक असू द्या: केव्हाही, कोणत्याही कारणानं जमलं नाही तर मांजर आमच्याकडेच परत येईल, रागावणार नाही. ही ओळ नसेल तर लोक शरमेनं मांजर मंडईत नाहीतर टेकडीवर सोडून येतात. प्राणी असा सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, पण ते वाक्य धमकी म्हणून वापरण्यापेक्षा दार उघडं ठेवलेलं जास्त मांजरांच्या कामी येतं. वरिष्ठांनाही हे असंच सांगा: घाईनं दिलेलं आणि परत आलेलं मांजर पिंजरा पुन्हा अडवतं, आणि दुसऱ्यांदा आलेलं मांजर जास्त घाबरलेलं असल्यानं जास्त काळ अडवतं.

परत आलेल्या मांजराला आधी चौदा दिवस वेगळं ठेवा, घरून आलंय म्हणून थेट कळपात सोडू नका. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीचा विषाणू पिंजऱ्यात वर्षभरही टिकतो आणि फिनेलनं मरत नाही. पिंजरा आधी साबणानं धुऊन, मग घरगुती सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) लिटरभर पाण्यात ३० मिलि या प्रमाणात मिसळून दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्यानं धुवा. त्या दोन आठवड्यांत आणणाऱ्याशी पुन्हा एकदा निवांत बोलून घ्या: नेमकं काय झालं, त्याआधी काय झालं होतं, घरात कुठे राहायचं, कुणाजवळ जायचं. त्या घरानं मांजराला प्रत्यक्ष जगताना पाहिलेलं असतं. आलेली प्रत्येक नवी गोष्ट कार्डावर लिहा. तुमच्या त्या चार मांजरांची कार्डं येत्या शनिवारी आधी काढा. आता त्यांच्याबद्दल निवाऱ्यातल्या इतर कोणत्याही मांजरापेक्षा जास्त माहिती तुमच्या हातात आहे.